अर्ध्या धड्याचा धंदा

नांदुऱ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात शकीला मॅडम जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. मराठी शिकवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काय होतं ते इथं लिहीत नाही. त्यांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मला ऐकवलं होतं, तेवढं पुरे झालं. त्यांच्या तुच्छतेत भेदभाव नव्हता. प्राचार्य, शिपाई, पालक, पुढारी, सगळ्यांना ती सारख्याच मापानं मिळायची. "डोकं न वापरता म्हातारा झालेला माणूस" हा त्यांचा त्यातल्या त्यात सौम्य शेरा. आणि राग येण्यासारखी गोष्ट ही, की बहुतेक वेळा बाईंचं बरोबर असायचं.

मॅडमचे वडील पिंजारी. धनुकली खांद्यावर टाकून दारोदार कापूस पिंजायचे, गाद्या भरून द्यायचे. त्यांनी पोरीला अमरावतीला ठेवून एम.एस्सी. केलं, यावरून मोहल्ल्यात त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. बोलणाऱ्यांचीच पोरं पुढं मॅडमच्या वर्गात बसली आणि नापास झाली. मॅडमचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या एवढंच सांगत : "दोन मुली झाल्या तर दोष बाईचा, असं त्याच्या बहिणीबद्दल तो म्हणाला. मी त्याला समजावलं, बाईकडं देण्यासारखं एकच असतं, एक्स गुणसूत्र. वाय असतो तो पुरुषाकडं. मुलगा होणार की मुलगी, ते त्याच्याकडून काय आलं त्यावर ठरतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला माहेरी आणून सोडलं."

आमच्या संस्थेचे अध्यक्ष भगवानराव. मोठे बागायतदार, गावाबाहेर स्वतःचं जिनिंग, आणि बोलण्यात कायम खानदान. एका स्नेहसंमेलनात ते भाषणाला उभे राहिले. "आमच्या सात पिढ्यांच्या रक्तात शेती आहे. आजच्या भाषेत सांगतो, आमच्या रक्ताच्या लाल थेंबाथेंबात शेतीचा डीएनए आहे!" पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, पहिली रांग त्यासाठीच असते. मॅडम दुसऱ्या रांगेत होत्या. उठल्याही नाहीत. बसल्या जागेवरून, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं. तिथं डीएनए शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पांढऱ्या पेशीत शोधा."

पोरं खिदळली. भगवानरावही हसले. असली माणसं चारचौघांत हसतात, पण विसरत नाहीत.

मॅडमचा धाकटा भाऊ कादर. बारावीला तो जीवशास्त्रातच आपटला होता. सख्खी बहीण तोच विषय शिकवते याची लाज वाटायची सोडून, तिची अर्धी डिग्री आपल्याही वाट्याला आली आहे अशा थाटात तो वावरायचा. उंच, गोरा, बोलायला गोड, अंगात नेहमी कडक इस्त्रीचा सदरा. काम काहीच नाही. कापसाच्या बाजारात याचा माल त्याला दाखव, त्याचा याला दाखव, आणि मधल्या मध्ये चहा पी. म्हातारी आई, मॅडम आणि कादर एकाच घरात राहायचे. घरात त्यांची बोली उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. मी ती आपल्या मराठीत सांगतो.

मॅडमना सवय होती, वर्गात शिकवायचा धडा सकाळी घरी मोठ्यानं बोलून बघायची. मधे पत्र्याचा आडोसा. पलीकडं कादर खाटेवर पडून चहा पीत ऐकायचा. असाच त्यानं एकदा पेशींच्या विभाजनाचा धडा ऐकला. मॅडम तो धडा फार चांगला शिकवत; मी स्वतः वर्गाबाहेर उभा राहून ऐकला आहे, म्हणून सांगतो.

"वाढत्या झाडाच्या पेशीच्या पोटात केंद्रक, केंद्रकात गुणसूत्रं, आणि गुणसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेला डीएनए," त्या सांगत. "डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. शिडीच्या पायऱ्या चार अक्षरांच्या. ए समोर टी, जी समोर सी, दुसरी जोडी जमत नाही. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असतं तेव्हा ही शिडी मधोमध उसवते. प्रत्येक अर्ध्या शिडीसमोर नवी अक्षरं येऊन बसतात. ए असेल तिथं टी, जी असेल तिथं सी. एका शिडीच्या दोन शिड्या, दोन्ही अक्षरशः सारख्या. मग गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात, प्रत्येकाचे दोन धागे दोन टोकांना ओढले जातात, आणि पेशी दुभंगते. मुळाच्या टोकाला, कोंबाच्या टोकाला हे रोज चालतं. कपाशीच्या पेशीत बावन्न गुणसूत्रं. झाड तुमच्या डोक्याइतकं वाढलं तरी प्रत्येक पेशीत तीच बावन्न. हुबेहूब नक्कल."

खाटेवरच्या कादरनं शेवटचे दोन शब्द उचलले. हुबेहूब नक्कल. यापुढचा धडा अर्धसूत्री विभाजनाचा. फूल येतं, पराग तयार होतो, बी धरतं, तेव्हा गुणसूत्रांचं काय होतं, ते त्यात असतं. मॅडमनी तो धडा घेतला त्या आठवड्यात कादर बऱ्हाणपूरला मामेभावाच्या लग्नात बिर्याणी खात होता.

बीटी कपाशीचे ते सुरुवातीचे हंगाम होते. ज्याचं झाड खाल्लं की बोंडअळी मरते असं बियाणं आलं होतं, पण खरं पाकीट महाग आणि मिळायचं नाही. दुकानांपुढं पहाटेपासून रांगा, एखाद्या गावी पोलीससुद्धा. लोक पाकिटासाठी एकमेकांच्या अंगावर जात होते. एका दुपारी कादर भगवानरावांच्या जिनिंगमध्ये बसला होता. समोर सरकीचा ढीग. जिनिंगमध्ये कापसातली रुई काढून घेतली की बी उरतं ते तेलाला जातं, ढेप होऊन म्हशीपुढं जातं. कादरच्या डोक्यात तेव्हा दिवा लागला.

"भगवानराव, ही सरकी कोन्त्या पऱ्हाटीची?"

"सगळी बीटीचीच आता. दुसरं लावते कोन?"

"मंग हे म्हशीले काऊन चारून राह्यले तुमी? बीटीचं बी हे बीटीच असंन नं! हुबेहूब नक्कल. माह्यी बहीण कॉलेजात हेच शिकवते."

भगवानरावांच्या सात पिढ्यांच्या रक्तातली शेती जागी झाली असणार. कारण त्या उन्हाळ्यात जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये सरकी वरची लव काढायला तेजाबात धुतली गेली, दुकानी बियाण्यासारख्या गुलाबी रंगात घोळली गेली आणि कोऱ्या पांढऱ्या पुड्यांमध्ये भरली गेली. विकायला कादर.

त्याची विकायची रीत सांगायलाच हवी. स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्याकडं त्यानं कपाशीचं एक ताजं पान नेलं, काचेवर ठेवलं आणि त्याच्या प्रती काढल्या. गावोगाव पारावर बसून त्या वाटल्या. "हे पान. हे त्याचं झेरॉक्स. फरक दाखवा. झाडाच्या पोटात असंच यंत्र हाये. त्याले डीएनए म्हन्ते. पान टाकलं, पान निंगते. बीटी टाकलं, बीटी निंगते. हे मी नाही सांगून राह्यलो, शकीला मॅडम सांगते, माह्यी सख्खी बहीण, प्रोफेसर!" पुढं बसलेल्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, माना डोलावल्या, पुड्या घेतल्या. झेरॉक्समधून निघालेलं पान हिरवं नसून काळं आहे, एवढी साधी गोष्टसुद्धा एकालाही विचारावीशी वाटली नाही. बैल घ्यायचा तर हीच माणसं त्याचे दात मोजतात, शेपटी पिरगाळतात, चालवून बघतात. शास्त्र म्हटलं की डोळे मिटून दोन्ही हात पुढं.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. कादर सध्या कामाला लागला आहे, एवढंच घरात कळलं होतं, आणि त्याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी गोजरबाई स्टाफरूममध्ये आली. जवळच्याच खेड्यातली, नवऱ्यापेक्षा जास्त वावर स्वतः बघणारी, आवाजानं अख्खा वर्ग गप्प होईल अशी बाई. तिची मुलगी करिष्मा अकरावीला मॅडमच्या वर्गात होती; तीही आईमागं येऊन उभी राहिली. गोजरबाईनं ओच्यात आणलेली बोंडं मॅडमच्या टेबलावर ओतली. हिरवी बोंडं, प्रत्येकाला भोक, भोकातून विष्ठा, दोन-चारांतून अळी अजून डोकं काढत होती.

"हे घ्या मॅडम, तुमचं झेरॉक्स."

"माझं?"

"तुमच्या भावानं सांगतलं. माह्या बहिणीनं शास्त्र सांगतलं म्हने, बीटीच्या बियाचं बी बीटीच निंगते. करिष्माच्या मॅडम म्हनून घेतलं म्या. दुसऱ्या कोनाचं नाव घेतलं अस्तं तं दारात उभं नस्तं केलं त्याले."

मॅडमचा चेहरा पांढरा झाला. रागावल्या की त्या लाल होत. पांढऱ्या झालेल्या मी तेव्हाच पाहिल्या. बोंडं तशीच टेबलावर ठेवून त्या उठल्या. "सर, तुमची गाडी आहे ना? करिष्मा, तू आईबरोबर पुढं हो. मला वावर बघायचंय."

जायच्या आधी त्यांनी प्रयोगशाळेतून एक डबा घेतला. अकोल्याला कृषी संशोधनात असलेल्या त्यांच्या मैत्रिणीनं मुलांना दाखवायला म्हणून त्यात तपासणीच्या पट्ट्या दिल्या होत्या. कपाशीचं पान नळीत थोड्या द्रावात चुरडायचं, पट्टी बुडवायची. अळी मारणारं बीटीचं प्रथिन पानात असेल तर पट्टीवर दोन रेषा उमटतात, नसेल तर एकच.

वावर बघायला शास्त्रज्ञ असायची गरज नव्हती. एक झाड कमरेएवढं, शेजारचं खांद्याच्या वर. एकाला बोंडं पक्की, दुसऱ्याला अजून पात्याच, म्हणजे कळ्याच, धरल्या होत्या. एक झाड अळीनं चाळणी केलेलं, त्याला खेटून दुसऱ्यावर एक भोक नाही. मॅडमनी चाळणी झालेल्या झाडाचं पान घेतलं. एक रेष. शेजारच्या धडधाकट झाडाचं घेतलं. दोन रेषा. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. गोजरबाई पट्टीकडं बघत राहिली.

"एकाच पुडीतलं बी हाये हे," ती म्हणाली. "एकाच दिवशी टोबलं. मंग याच्यात हाये अन् त्याच्यात काऊन नाही?"

मॅडम बांधावर बसल्या. पुढं काम करणारी बैलजोडी दिसत होती. तिच्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "गुणसूत्रं अशी जोडीनं असतात. कपाशीत सव्वीस जोड्या. प्रत्येक जोडीतला एक बैल बापाकडून आलेला, एक आईकडून. कंपनी ते खरं बियाणं बनवते तेव्हा एका बाजूच्या झाडात बीटी असतो, दुसऱ्या बाजूच्या झाडात नसतो. म्हणजे एका जोडीत एका बैलावर बीटीचं ओझं, दुसरा बैल रिकामा. झाड वाढतं तेव्हा प्रत्येक पेशीत ही जोडी जशीच्या तशी नक्कल होते. म्हणून सगळ्या झाडात बीटी. एवढं कादरनं ऐकलं."

"अन् पुढं?"

"पुढं झाडाला फूल येतं. पराग आणि बीजांड तयार होताना प्रत्येक जोडी फुटते. एक बैल इकडं, एक तिकडं. मग बी धरतं तेव्हा एक बैल या बाजूनं, एक त्या बाजूनं येऊन नव्या जोड्या लागतात. आता कुठल्या जोडीत दोन्ही बैल ओझ्याचे, कुठल्या जोडीत एक, आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या बियांत दोन्ही रिकामे. उंची, बोंडाचा आकार, पिकायची वेळ, सगळ्या जोड्यांचं तेच. सगळं उधळलं जातं. त्यात जिनिंगला येतो दहा गावांचा कापूस. कोणी काय लावलं होतं, देव जाणे."

"म्हंजे रिकाम्या बैलांच्या जोडीले अळीनं खाल्लं."

"हो."

गोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "एवढं सोपं व्हतं तं गावात येऊन आधी काऊन नाही सांगतलं, मॅडम?"

"तुम्ही विचारलं नाहीत. सगळे पानाचं झेरॉक्स बघत बसला होतात." एवढं बोलल्याशिवाय बाईंना राहवलंच नाही.

मी त्यांना घरी सोडलं. कादर दारातच आरशासमोर भांग पाडत होता. मला बसा म्हणायचं राहूनच गेलं, इतकं लगेच सगळं सुरू झालं.

"कादर, लोकांना काय सांगितलंस तू?"

"तू जे सांगतलं तेच, आपा. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"मी पेशीबद्दल बोलत होते!"

"मंग बी काय गोट्याचं असते? त्यात बी पेशीच असते नं?"

"फांदी लावली असतीस तर नक्कल मिळाली असती, मूर्खा. बी म्हणजे झेरॉक्स नाही, बी म्हणजे लग्न. फुलानं स्वतःशीच लावलं तरी लग्नच. आपण दोघं एकाच आईबापाची. माझ्यात तुझ्यासारखं काही दिसतं तुला? अल्लाच्या मेहरबानीनं काहीच नाही!"

आतून म्हाताऱ्या आईचं खोकणं ऐकू आलं. कादरनं फणी खाली ठेवली. तो चिडला नव्हता, आणि तेच जास्त घाण वाटलं. समजूत घातल्यासारखा हसत म्हणाला, "अर्धं तं खरं व्हतं नं, आपा? बाजारात अर्धं खरं म्हंजे लय झालं."

"पूर्ण खोटं बोलणारा परवडला," मॅडम म्हणाल्या. "तो कधी ना कधी सापडतो. तुझ्यासारखा माझ्या तोंडातलं उष्टं विकत फिरतो आणि वर मलाच सांगतो, तुझंच आहे म्हणून."

तक्रारी वाढल्या तेव्हा बाजार समितीच्या शेडमध्ये सभा लागली. तालुक्याचे कृषी खात्याचे एक साहेब आले, त्यांनी सगळा वेळ घड्याळाकडं पाहिलं. भगवानराव अध्यक्षस्थानी. ज्याच्या शेडमध्ये बी रंगवलं तोच न्याय करायला, आणि यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, "निसर्गाचा कोप आहे. पाऊस लहरी. आणि बियाण्याचं म्हणाल तर त्यामागचं शास्त्र आमच्याच कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं. आम्ही साधी शेतकरी माणसं, आम्हाला काय कळतं?" एका वाक्यात जिनिंगचा मालक साधा शेतकरी झाला. कादर त्यांच्या मागं उभा राहून जमिनीकडं बघत होता.

मॅडम उठल्या. जमलेल्या पुरुषांमध्ये त्या एकट्याच बाई उभ्या, बाकी गोजरबाई आणि दोघी-तिघी कडेला बसलेल्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, शास्त्रही थोडंच सांगितलं.

"मी जे शिकवलं ते एका झाडाच्या आतल्या पेशींबद्दल होतं. ते आजही खरं आहे. तुम्हाला जे विकलं ते पुढच्या पिढीचं बी होतं. ते तसंच निघत नाही, हे पाठ्यपुस्तकाच्या पुढच्याच धड्यात आहे. सरकी भगवानरावांच्या जिनिंगची. विकणारा माझा भाऊ कादर, तो त्यांच्या मागं उभा आहे. माझं नाव मला न विचारता वापरलं. पुड्या कोणाकडं शिल्लक असतील तर आत्ता साहेबांच्या हातात द्या, माझ्यासमोर सील करा."

मला वाटलं, आता लोक उठतील, भगवानरावांना जाब विचारतील. एकानं विचारलं ते मॅडमना : "तुमाले एवढं माहीत व्हतं तं भावाले काऊन नाही रोकलं?" मागून दुसरा म्हणाला, "बहीणभावाचं काही बिनसलं असंल वाटणीवरून." तिसऱ्यानं भरपाई मॅडमच देणार का, तेवढं स्पष्ट करून घ्यायला सांगितलं. ज्यांनी त्यांना बुडवलं त्यांच्या खुर्चीकडं बघायची कोणाची छाती झाली नाही; पगारावर जगणारी मास्तरीण समोर होती, तिच्यावर सगळे शूर. गोजरबाई तेवढी उठली, कमरेला पदर खोचत म्हणाली, "बसा तुमी सभा करत. मले पऱ्हाटी उपटून हरभरा पेरा लागते," आणि निघून गेली. त्या सभेत शहाणपणाचं तेवढंच एक वाक्य झालं.

साहेबांनी पुड्या नेल्या. पुढं उत्तर आलं की नमुना अपुरा असल्यानं निष्कर्ष काढता येत नाही. भगवानरावांना पुढच्या हंगामात खऱ्या बियाण्याची एजन्सी मिळाली. कादर सुरतेला पळाला, आणि प्रकरण थंडावल्यावर परत येऊन पिकांवर फवारायचं टॉनिक विकू लागला. बाटलीवर त्यानं शिडीचं पिळलेलं चित्र छापून घेतलं होतं. घेणारे बरेचसे तेच लोक होते.

मॅडमची बदली झाली. संस्थेची एक शाळा मेहकरकडं, हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या खेड्यात होती, तिथं. ज्युनिअर कॉलेजच्या बाईला आठवी-नववीला. त्यांनी अर्ज केला नाही, विनवणी केली नाही. एका खोलीत सामान लावलं, आई नांदुऱ्यालाच राहिली, कारण म्हातारीला घर सोडायचं नव्हतं आणि कादरला टाकूनही जायचं नव्हतं. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "इथली मुलं नांदुऱ्याच्या मुलांइतकीच मठ्ठ आहेत. पण पुढारी लांब राहतात, तेवढा फायदा." चहा करताना मात्र पाठ फिरवून त्यांनी विचारलं, "अम्मी बरी आहे?" ते विचारताना त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

बरीच वर्षं गेली. मग गुलाबी बोंडअळीचं ते साल आलं, दोन हजार सतरा. तेव्हा बियाणं खोटं नव्हतं. महागाचं, कंपनीचं, शिक्क्याचं पाकीट. आणि तरी वऱ्हाडभर हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. मजूर बायका वेचणीला येईनात. भगवानरावांचंही सगळं गेलं. त्यांनी जीप पाठवून मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम गेल्या. का गेल्या, ते त्यांनी मला नंतर सांगितलं : "बघायचं होतं."

भगवानराव थकले होते, पायांना सूज. "मॅडम, कंपनीनं फसवलं आम्हाला. तुम्ही शास्त्रातल्या, तुम्ही लिहून द्या. कोर्टात उभं करतो त्यांना."

मॅडमनी एक बोंड फोडून पाहिलं. "डीएनएची नक्कल करताना पेशी फार काटेकोर असते," त्या म्हणाल्या, "पण अक्षरं इतकी की कुठंतरी एखादं चुकतंच. बहुतेक चुका वाया जातात. अळ्यांमध्ये कधीतरी अशी एक चूक झाली की बीटीचं विष तिला लागेना. सगळ्या वावरात विषच असेल तर बाकीच्या मरतात, ती उरते. उरलेल्याचं उरलेल्याशी लग्न लागतं. मग पुढच्या पिढीत सगळ्याच पचवतात. हे होऊ नये म्हणून पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी येते, कडेनं लावायला. तिथं साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांची या उरलेल्यांच्या पतंगांशी सोयरीक व्हावी आणि पुढची पिढी पुन्हा विषानं मरावी म्हणून. तुमच्या पुड्या कुठं आहेत?"

गड्यानं गोदामाकडं बोट दाखवलं. कोपऱ्यात त्या पुड्यांचा ढीग पडला होता, वर्षानुवर्षांचा, न फोडलेला, उंदरांनी कुरतडलेला.

"तुम्ही अळ्यांची शाळा चालवलीत, साहेब," मॅडम म्हणाल्या. "माझ्या शाळेपेक्षा निकाल चांगला लागला. कंपनीनं पुड्या नुसत्या खोक्यात टाकल्या, कोणाला समजावलं नाही, ते मी लिहून देते. बोंडात लपणाऱ्या अळीला हे बियाणं पुरं पडत नव्हतं हे त्यांना कधी कळलं आणि त्यांनी कधी सांगितलं, तेही विचारते. पण हा ढीग पण लिहीन."

मागवलेला चहा आलाच नाही. परत यायला जीपही नव्हती. मॅडम एस.टी.नं आल्या.

वाटेत त्यांना लहान शेतकऱ्यांची वावरं दिसली, मेंढ्या घालून चारायला सोडलेली. "त्यांना पुडी कशासाठी असते हे कोणीच सांगितलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "मी पण नाही. मी सगळं आयुष्य त्यांना मूर्ख म्हणण्यात घालवलं, आणि ते बऱ्यापैकी आहेतही. पण मूर्खाला सांगावं लागतं." त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या मेहकरकडच्या दोन-चार गावांत पुड्या हातात घेऊन गेल्या. ऐकायला थोडे आले, त्यातले निम्मे लवकर उठले. मॅडमनी उठणाऱ्यांना काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण बसलेल्यांना त्यांनी सांगितलं.

मॅडमच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांची आई गेली. मी नांदुऱ्याला घरी भेटायला गेलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं, मोहल्ल्यातून जेवण आलं होतं. माणसं हळूहळू पांगली. कादर भिंतीला टेकून बसला होता. केस पांढरे, सदरा अजून इस्त्रीचा, पण त्याच्यात आता अंग भरत नव्हतं. सभेपासून त्या दोघांत बोलणं नव्हतं. निरोप आईतर्फे जायचे. आता तीही नव्हती.

मॅडमनी दोन ताटं वाढली. एक त्याच्यापुढं सरकवलं.

कादरनं ताट जरा मागं सारलं. मग म्हणाला, "आपा, तू मले माफ केलं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जेव."